मुलखाचा बंदोबस्त

नाही, पण राग येण्यासारखं काय होतं त्यात, तुम्हीच सांगा — विचारलं कुणी? तुमच्या वडिलांनीच. मुलगी बघायला आलेत, स्वैपाक विचारावा, शिवण विचारावं — छे! रुमी टोपी सावरत म्हणतात, ‘काय सरोजिनीबाई, कॉलेज केलंत म्हणे, सांगा बघू, निजाम म्हंजे काय?’ पोलिस अ‍ॅक्शन होऊन गेली, परंड्याच्या कचेरीत उर्दूची मराठी झाली, पण नारायणराव पेशकारांच्या डोक्यावरून निजाम काही उतरत नाही — अगबाई! काय पडलं? … मांजर. मांजरच. माझं असंच, जरा खुट्ट झालं की — हं, काय सांगत होते?

निजाम. त्यांना ऐकायचं होतं ‘राजांचा राजा’. आणि मी वेडी, खरं ते सांगून बसले — की हा मुळी राजाचा किताबच नव्हे. निजाम म्हणजे व्यवस्था. निजाम-उल-मुल्क म्हणजे मुलखाचा बंदोबस्त ठेवणारा. दिल्लीच्या बादशहानं आपल्या सुभेदाराला दिलेला. चाकरालाच की! पुढं बादशहा उरला नावाला, बंदोबस्त करणारा गादीवर बसला, किताब पिढ्यान्‌पिढ्या चालला. एवढंच तर बोलले — आमच्या वसंतमामांचा चहा तोंडाशी जाता जाता थांबला! निजामांचा अपमान झाला म्हणावं, तर तो त्यांच्या कचेरीत नुसती पेशकारी, म्हंजे कागद पुढं करायची कारकुनी, केलेल्या तुमच्या वडिलांना का झोंबावा?

हसलात? … हसलात. मग हेही ऐका. तुमच्या घरात दिल्लीचे बादशहा कोण, ठाऊकाय? तुम्ही. लग्न तुमचं — आणि मुलगी पसंत करणार ते, मुहूर्त धरणार ते, ‘सुनेनं शाळेत शिकवायचं नाही’ हा हुकूमही त्यांचाच. माझी शाळा हो! इथं अणदुरात मुली पहिल्यांदाच सातवीपर्यंत पोचल्यात, आणि मी त्यांना सोडून — लग्नच नको असं कुठं म्हणते मी? मघाशी माझ्या हातून चमचा पडला, तो कुणी बघायच्या आत तुम्ही उचलून ठेवलात, तेव्हा मला वाटलं, हा माणूस — जाऊ द्या. भलतंच बोलून गेले.

मामांनी दोघांना बोलायला म्हणून सगळ्यांना ओसरीवर नेलं, आणि बोलतेय एकटी मीच. एकच विचारते. लग्नानंतर मी शिकवलेलं चालेल? त्यांना नव्हे, तुम्हाला.

… दाराकडं काय बघता? …

वडिलांना विचारून कळवता?

नका कळवू. उठा, हाक मारतायत.