मुदत

धोकादायक इमारतींच्या कचेरीबाहेर, माझ्याच बाकावर, एक बहीणभाऊ साहेबांची वाट बघत बसले होते.

"दादा, तू बोललास का आईशी?"

"सांगून सांगून तोंड दुखलं. छताचे पोपडे ताटात पडतायत, तरी म्हणते, मी इथंच बरी."

"मग आता?"

"आता काय, नोटिशीची मुदत संपली की पोलीस येऊन उचलतील. सरकारचं कामच आहे ते."

"आईला पोलिसांनी उचलायचं?"

"आपण उचललं तर जन्मभर बोलून दाखवेल. त्यापेक्षा सरकारला खाऊ देत शिव्या."

"आणि नेणार कुठं?"

"तुझ्याकडे राहील की थोडे दिवस."

"माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, दादा. तुझी मागची खोली रिकामीच असते ना?"

"तुझ्या वहिनीला विचारावं लागेल."

"अजून विचारलं नाहीस?"

तेवढ्यात साहेब चष्मा पुसत बाहेर आले.

"तुमच्या आईंना भेटून आलो सकाळी. शिलाई मशीनवर चादर टाकून, पिशवी भरून दाराशी बसल्यात."

"म्हणजे निघायला तयार आहे?"

"कधीच्या. कोण न्यायला येतंय, एवढंच विचारत होत्या."

"साहेब, सरकारची काहीतरी सोय असेल ना?"

"घर रिकामं करून घ्यायचा अधिकार आहे आम्हाला. आईला घरात घ्या, असा हुकूम नाही काढता येत."

मग भावानं घसा खाकरला.

"साहेब, ती नोटिशीची मुदत... जरा वाढवून मिळेल का?"