चाक कोणी उचलले याबाबत

जबाब. दिनांक ८ फेब्रुवारी २०२६, दुपारी १२.४० वाजता.

नाव कडुबा सांडू साळवे, वय ६३ वर्षे, धंदा सेवानिवृत्त, मूळ गाव शेंद्रा, हल्ली राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर.

मी समक्ष ठाण्यात हजर असून विचारल्यावरून सांगतो की, आज सकाळी शेंद्रा येथे मोटारसायकल पडली तेव्हा ती कोण चालवत होते, एवढेच मला विचारण्यात आले आहे. उत्तर थोडे लांब आहे. मी वाळूजच्या एका दुचाकी कारखान्यात सत्तावीस वर्षे टेस्ट रायडर होतो. नवीन गाडी लाइनवरून उतरली की ती ट्रॅकवर पळवून बघायची, हे माझे काम. पुढचे चाक हवेत उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी चालवणे मला वयाच्या सतराव्या वर्षापासून येते. ते कारखान्याने शिकवलेले नाही, उलट त्यापायी मला दोन मेमो मिळाले.

आप्पासाहेब नानासाहेब शेळके, वय ६२, रा. शेंद्रा, हे माझे शाळासोबती आहेत. कागदावर 'आहेत' लिहिले, बोलताना मी त्याला आप्पा म्हणतो. सन १९८१ मध्ये त्याच्या वडिलांकडे राजदूत होती. वडील बाजाराला लासूर स्टेशनला गेले की आम्ही ती मळ्याच्या गाडीवाटेवर काढायचो. मी चाक उचलायचो आणि आप्पा मागे बसून माझ्या कमरेला मिठी मारून ओरडायचा. नंतर त्याची आई द्वारकाबाई चहा द्यायच्या. माझा कप गोठ्याच्या खिडकीत ठेवलेला असे. तरी ते दिवस फार चांगले होते. हे वाक्य लिहून घ्यावे अशी मी विनंती केली, म्हणून लिहिले आहे.

त्याच साली पोळ्याच्या आदल्या दिवशी आप्पाने एकट्याने चाक उचलायचा प्रयत्न केला आणि राजदूत पाण्याच्या चारीत घातली. हेडलाइट फुटला, हँडल वाकले. नानासाहेबांनी विचारले, कोण चालवत होतं? मी म्हणालो, मी. तसे सांगायला मला कोणी लावले नव्हते. नाही, असेही कोणी म्हणाले नाही. त्यानंतर दोन वर्षे मला मळ्यात येण्यास मनाई होती. याबाबत मी कोठेही तक्रार दिलेली नाही.

द्वारकाबाईंना मात्र खरे कळले असावे. मी जिवंत आहे तोवर चाक उचलायचे नाही, अशी शपथ त्यांनी आप्पाला घातली. आप्पाने ती चव्वेचाळीस वर्षे पाळली. मागच्या उन्हाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा आप्पा म्हणाला, "आई, त्या शपथेला सुटली म्हण." त्या म्हणाल्या, "अजून डोस्क्यात तेच हाय व्हय रं तुझ्या? जा, सुटली." तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दसऱ्याला आप्पाने क्रूझर मोटारसायकल घेतली. बसायला ऐसपैस, लांबलचक, सव्वादोनशे किलोची. गाडी घेऊन तो माझ्या दारात आला आणि म्हणाला, "कडुबा, शिकीव." पारूबाई, माझी पत्नी, आतून म्हणाली की दोघांच्या गुडघ्यांचे वय मिळून सव्वाशे झाले आहे. हिशेब बरोबर होता.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी साडेसहा ते आठ मी त्याला शिकवत होतो. जागा म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक सिमेंटचा रस्ता. दोन्ही बाजूंचे प्लॉट रिकामे आहेत, वाहतूक नाही. आमची गाडीवाट याच जागेवर होती. आप्पाचा मळा वसाहतीत गेला. अशी जड गाडी नुसत्या रेसने उठत नाही. आधी पुढचे शॉकअप दाबून घ्यावे लागतात, मग क्लच एका ठोक्यात सोडावा लागतो, आणि चाक उठले की उजवा पाय मागच्या ब्रेकवर तयार ठेवावा लागतो. ब्रेक दाबला की चाक खाली येते. जीव त्या पायात असतो. हे मी त्याला अंदाजे शंभर वेळा सांगितले.

आज सकाळी ७.१० वाजता गाडी पडली. आप्पाच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले आहे. पाळी सुटून घरी चाललेल्या एका कामगाराने त्याला कारमधून दवाखान्यात नेले. मी गाडी उभी करत असताना पोलीस आले. शेजारच्या प्लॉटवरच्या वॉचमनने फोन केला होता की दोन म्हातारे गाडी उचलतायत. त्याने जे पाहिले तेच सांगितले, पण ठाण्यात चोरी समजली गेली. साहेबांनी विचारले, गाडी तुमची का? मी नाही म्हणालो. तुम्ही उचलली का? मी म्हणालो, मी उचलत नाही, उचलायला शिकवतो. त्यावर मला जीपमध्ये बसवण्यात आले.

साडेअकराला आप्पाचा मुलगा विश्वजीत ठाण्यात आला. चोरी नाही हे त्याने सांगितले. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाबा शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आहेत. या वयात असलं करताना पडले, वरून केस झाली, तर गावात तोंड दाखवता येणार नाही त्यांना. गाडी तुम्ही चालवत होतात, बाबा मागे बसले होते, एवढंच लिहून द्या. तुमचं काय, तुमचा तर धंदाच होता तो." मुलगा वाईट नाही. त्याला सायकल मी शिकवली आहे. मी बाकावर बसून विचार केला. ते वाक्य मला सांगता आले असते. ते मला पाठ होते.

१२.१० वाजता माझ्या मोबाईलवर आप्पाचा दवाखान्यातून फोन आला. हवालदार सुलेखा मॅडम यांनी तो स्पीकरवर लावायला सांगितला. आप्पा म्हणाला, "इश्वानं काय सांगितलं ते कळलं मला. कडुबा, राजदूत मी घातली व्हती चारीत. तू नाव घेतलंस आन् मी गप बसलो. लई वर्सं गप बसलो. आता माझं नाव घाल." मॅडमनी पाणी दिले.

तरी मी खरे सांगतो की, गाडी आप्पासाहेब शेळके एकटेच चालवत होते. मागे कोणी बसलेले नव्हते. मी पंधरा पावलांवर उभा होतो. पुढचे चाक जमिनीपासून दीड हात उठले आणि अंदाजे चार सेकंद हवेत राहिले. ते पाहून मी टाळ्या वाजवल्या. मग घाबरून आप्पाने ब्रेक सोडून, बैलांना थांबवताना कासरा ओढतात तसे हँडलच मागे ओढले आणि तो "हो, हो, हो" म्हणू लागला. हँडल ओढले की रेस वाढते. बैल थांबले असते. चालवण्यात चूक झाली ती एवढीच. जी कारवाई असेल ती आप्पासाहेबांवर करावी. तिची त्यांना कल्पना आहे आणि माझ्या मते थोडा आनंदही आहे.

सन १९८१ चा मजकूर आजच्या घटनेशी संबंधित नाही, काढू का, असे मॅडमनी विचारले. मी राहू द्या म्हणालो.

माझा हा जबाब संगणकावर घेऊन मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला, विश्वजीतही शेजारी उभा राहून ऐकत होता. राजदूतचा परिच्छेद मी पुन्हा एकदा वाचायला लावला. दोन्ही वेळा तो बरोबर होता.

सही
कडुबा सांडू साळवे