पहिलीच्या रांगेतलं बोट

हलू नकोस गं, तोंडात टाचण्या आहेत माझ्या. हं, आता बोलता येईल. नाही, झालं नाही अजून, छाती परत एकदा मापते. मापली ना मघाशी, माहीत आहे मला, पण टेप सरकली असेल — सरळ उभी राहा, श्वास रोखू नकोस, तू श्वास रोखलास की माझं माप बिघडतं. हं. नाही, काही नाही. वही बघतेय फक्त. वीस दिवसांपूर्वी मीच घेतलेलं माप आहे, अक्षर माझंच आहे. बसू नकोस, टोचेल कुठेतरी, त्या टेबलाला धर. तो खाली हॉर्न वाजवतोय तर वाजवू दे. आठ दिवसांनी तुझा नवरा होईल, आज अजून माझा धाकटा भाऊ आहे, मी म्हणेन तेवढा वेळ थांबेल. वर नणंद-भावजय काय बोलत असतील याचीच धास्ती असेल त्याला, असू दे.

तर मी विचारणार होते की वजन वाढलंय का — पण वजन नाही वाढलेलं. सोळा वर्षं कपडे शिवतेय मी. वजन वाढलं की आधी दंडाला कळतं, मग कमरेला. तुझा दंड आहे तेवढाच आहे, बाही अगदी चपखल बसली. वाढलंय ते छातीला, सव्वा इंच. आणि मघाशी चहाचा कप पुढे केला तर तू तोंड फिरवलंस — अगं, रडतेस काय? मी ओरडतेय का तुझ्यावर? आठ दिवस इकडे काय नि तिकडे काय. मी आत चांगलं दोन बोटं मार्जिन सोडलंय, बाजूची शिलाई उसवली की झालं, कुणाच्या बापाला कळणार नाही. किती झाले? दोन महिने? पुरते नाहीत. त्याला माहीत आहे? बरं. आनंदात आहे? असणारच, गाढव आहे तो, त्याला सगळ्याचाच आनंद होतो.

डॉक्टरांकडे जाऊन आलीस? तुझं सिकलसेलच्या तपासणीचं कार्ड दाखवलंस त्यांना? काय म्हणाले? नवऱ्याचं रक्त साफ असेल तर काळजी नाही — हो, बरोबर, बरोबरच म्हणाले. रक्तातला हा दोष एकाच बाजूनं आला तर मूल आजारी पडत नाही. फार तर तुझ्यासारखं होतं, नुसतं वाहक, धडधाकट. आणि त्याचं कार्ड पांढरं, म्हणजे साफ, आहेच. तू पाहिलंस ना? आईनं दाखवलं असेल, सगळ्यांना दाखवते ती. वीस वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. बरोबरच आहे डॉक्टरांचं. पांढरंच आहे कार्ड — हे बघ, खडू कुठे ठेवला मी? हातातच आहे होय. बरं.

तुला आमच्या दादाचं कुणी नीट सांगितलंय का गं? फोटो पाहिलास, हार पाहिलास, पण काय व्हायचं ते सांगितलं? नसेल. आमच्या घरात कुणी बोलत नाही. तो आमच्यात सगळ्यात मोठा. असं समज, माणसाला दोन पट्ट्या मिळतात, एक आईकडून, एक बाबांकडून. आमच्या आईबाबांकडे एकेक विरलेली होती, त्यांना ठाऊकही नव्हतं, कारण दुसरी चांगली असली की कपडा टिकतो. दादाच्या वाट्याला दोन्ही विरलेल्या आल्या. त्याला दुखायला लागलं ना, की पायाची हाडं कुणी पिळतंय असं म्हणायचा. म्हणायचा कसला, उशीचं टोक दातात धरायचा, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. जरा गार वारा लागला, पाणी कमी पडलं, खेळात दमला, झालं. डोळे पिवळे. आठ-आठ दिवस शाळा नाही, आणि शाळेतले मास्तर म्हणायचे, आळशी आहे. एकोणिसाव्या वर्षी साधा ताप आला, साधा, तो छातीत उतरला. तीन दिवस. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. त्याच्या मापाचा शर्ट मी पहिल्यांदा बेतला होता, तो त्यानं घातलाच नाही.

नाही गं, घाबरवत नाहीये तुला. सांगतेय. तर दादाचं निदान झालं तेरा वर्षांचा असताना आणि लगेच शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. ओट्यावर दोन टेबलं, चौथीच्या रांगेला एक नर्स, पहिलीच्या रांगेला दुसरी. हातात नाव लिहिलेली चिठ्ठी, ती द्यायची, बोट पुढे करायचं, टोचलं की बिस्किटाचा पुडा. आणि आमचा धाकटा — सहा वर्षांचा — सुई बघितली नि पसार. पाण्याच्या टाकीमागे बसला, गुडघ्यात डोकं घालून. दादाच्या हाताला सलाइनच्या किती सुया लागलेल्या त्यानं पाहिल्या होत्या, त्याला वाटलं आता त्याचाही नंबर लागला. अजूनही तसाच आहे तो. परवा मशीनची सुई बदलताना माझ्या अंगठ्यात घुसली तर हा खुर्चीत पांढराफटक. मला तर त्या दिवशी दोन्ही हातांची बोटं संध्याकाळपर्यंत ठणकत होती, पण मी —

काय? काय म्हणाले मी?

दोन्ही हातांची म्हणाले?

नाही, म्हणजे — थांब, खाली जाऊ नकोस, टाचण्या आहेत अंगात! उभी राहा. राहा गं. सांगते. उवांमुळे माझे केस बारीक कापले होते त्या महिन्यात, अंगावर दादाचा जुना स्वेटर. धाकटा काही केल्या टाकीमागून बाहेर येईना, घरी गेल्यावर बाबा मारतील म्हणून रडायला लागला. मी त्याच्या मुठीतली चिठ्ठी घेतली आणि पहिलीच्या रांगेत जाऊन उभी राहिले. नर्सबाईंनी मान वर केली नाही. दुसरा हात पुढे केला मी. बिस्किटाचा पुडा त्याला दिला. त्याला आज काय आठवतं विचारशील तर एवढंच, शिबिरात बिस्किटं मिळाली होती.

नऊ वर्षांची होते गं मी! मला काय कळत होतं? मला वाटलं, रक्त ते रक्त, एका घरातलं. मग कार्डं आली. दोन्ही पांढरी. आई वर्षभरात पहिल्यांदा हसली. दादा खाटेवर पडून होता, त्यानं दोन्ही कार्डं छातीवर ठेवून घेतली आणि म्हणाला, "सुटलात रे दोघं." त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगायचं? तो गेल्यावर कसं सांगायचं? माझी मुलगी झाली तेव्हा मी माझं परत करून घेतलं, माझं साफच आहे. त्याचं कुणालाच माहीत नाही. आईबाबा दोघं वाहक, त्याच्या वाट्याला काय आलं ते त्याच्या रक्तालाच ठाऊक. तू पहिल्याच भेटीत सगळ्यांसमोर सांगितलंस, मी वाहक आहे, विचार करून सांगा. आई म्हणाली, आमचं कार्ड पांढरं आहे, प्रश्नच नाही. मी तिथेच होते, पाण्याचे पेले भरत होते, आणि तोंडातून ब्र काढला नाही. लग्नानंतर कसंतरी पटवून त्याची तपासणी करून घेईन, मूल व्हायला वेळ आहे — हेच घोकत होते मी. आज टेप लावली आणि वेळ संपला.

बघू नकोस अशी. शिव्या दे, पण नंतर. आधी ऐक. तो साफ निघाला तर मी उगाच तुला रडवलं, मला माफ करू नकोस. वाहक निघाला तर चारातलं एक मूल दादासारखं, आणि ते दर खेपेला नव्यानं, कुणाला सूट नाही. पण बाळाची पोटात असतानाच तपासणी होते, आता दिवस आहेत, फार उशीर केला तर डॉक्टरही हात चोळतील. कळलं तर काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा, मी त्यात तोंड घालणार नाही. नुसतं कळू दे. समोर लॅब आहे, एक वाजता बंद होते. बारा वाजून गेलेत.

ये, टाचण्या काढते. हात वर कर. ही शेवटची. ड्रेस इथेच राहू दे, उसवायचाय. खिडकीशी जाऊन हाक मार त्याला. मार.

आलास? चप्पल काढू नकोस, निघायचंय. काही झालेलं नाही तिला, तिच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. समोरच्या लॅबमध्ये. हो, रक्तच. बोटावर नाही भागायचं, नळीभर घेतात. मी येते सोबत, शेजारी बसते, डोळे झाकून घे हवं तर. या वेळी हात मात्र तुझा.