बाकावर न बसल्याबद्दल

माझे नाव व पत्ता सकाळच्या जबाबात आहे, तो बरोबर आहे. वय बावन्न वर्षे, धंदा नोकरी, औषधांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये स्टोअरकीपर, पत्नी व मुलीसह कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतो. सकाळच्या जबाबातले एक वाक्य खोटे आहे. ते दुरुस्त करण्यासाठी मी आपण होऊन ठाण्यात परत आलो असून समक्ष सांगतो की,

आमच्या स्टोरेजच्या आतल्या खोलीत नशेसाठी चोरीला जाणारी औषधे असतात. तिचे दार किल्लीने उघडत नाही, माझ्या गळ्याने उघडते. तोंडावर मास्क आणि मागे कॉम्प्रेसरची घरघर, त्यामुळे तिथे साध्या माइकचा उपयोग नाही. म्हणून गळ्याला एक पट्टा बांधायचा. त्याची दोन बटणे कंठाला टेकतात आणि आतली थरथर पकडतात. मग स्क्रीनवर येईल ते वाक्य वाचायचे. बोलणारा मीच आहे ना, हे यंत्र पाहते. मी दडपणाखाली आहे का, हेही पाहते. दडपण आढळले तरी दार उघडतेच, म्हणजे कोणी सुरा लावून उभा असेल तर त्याला संशय येऊ नये. फक्त इकडे ठाण्यात घंटा वाजते.

यंत्राला दरोडेखोर आणि घरची कटकट यांतला फरक कळत नाही. मुलीच्या निकालाच्या दिवशी माझ्यामुळे आपली पोलिसांची गाडी एकदा फुकट धावून आली होती. तेव्हापासून आम्हा पाळीपाळीने दार उघडणाऱ्या स्टोअरकीपरांत रिवाज पडला आहे. गळा आवळल्यासारखा वाटला की पट्टा काढायचा, दाराबाहेरच्या बाकावर बसायचे, कोमट पाणी प्यायचे आणि मगच बोलायचे. बाकावर कोणी दिसला की चेष्टा होते. मॅनेजरसाहेबसुद्धा विचारतात, "काय, आज घरी भांडी वाजली वाटतं?" त्यात कोणी कमीपणा मानत नाही. मीही आजवर मानला नव्हता.

आज सकाळी साडेनऊच्या सुमारास ठेकेदाराचे हमाल माल घेऊन आले. मॅनेजरसाहेब माझ्याबरोबर दारापाशी होते. मी पट्टा बांधत असताना एक हमाल खोके खाली ठेवून बाकावर टेकला. तो माझा सख्खा धाकटा भाऊ होता. तो चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटला आहे, एवढे मला माहीत होते. कुठे राहतो, काय खातो, हे माहीत नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते. या जागेवर मला घेताना साहेबांनी घरात कोणाला शिक्षा झाली आहे का असे विचारले होते. मी म्हणालो होतो की मला भाऊच नाही. खरे सांगितले असते तर ही नोकरी मिळाली नसती आणि क्वार्टरही मिळाले नसते.

त्याने मला पाहिले. केस पार पिकले आहेत त्याचे. तो बाकावर थोडा सरकला. लहानपणी मी उशिरा जेवायला आलो की तो असाच सरकायचा. मला आवंढा गिळता येईना. रिवाजाप्रमाणे मी पट्टा काढून बसायला हवे होते. पण जागा त्याच्याच शेजारी होती, आणि साहेबांनी काय झाले म्हणून विचारले असते. मी बसलो नाही. तसेच वाक्य वाचून टाकले. दार उघडले आणि स्क्रीनवर माझी ओळख पटल्याची हिरवी खूण आली. दडपणाची खूण आम्हाला दिसत नाही.

थोड्याच वेळात आपली गाडी आली. हमालांची चौकशी झाली, त्यात त्याची जुनी शिक्षा निघाली. त्याला पालथे पाडून हात मागे बांधले. त्याचे तोंड माझ्या बुटांपाशी होते. फौजदारसाहेबांनी मला विचारले, "यानं धमकावलं का? ओळखता का याला?" मॅनेजरसाहेब शेजारीच होते. मी म्हणालो, "मी याला ओळखत नाही." धमकावल्याबद्दल हो की नाही, काहीच बोललो नाही. जबाबातही तसेच लिहून दिले.

सकाळी इथे सही करत असताना शेजारच्या खोलीतून त्याचा आवाज येत होता. हवालदार त्याला म्हणत होते, आडनाव तर एकच आहे, स्टोअरकीपर तुझे कोण लागतात? तो म्हणाला, "कोणी नाही, साहेब. एका आडनावाची माणसं पुष्कळ असतात." त्याचा आवाज जराही हलला नाही. त्याच्या गळ्याला पट्टा असता तरी घंटा वाजली नसती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तरीही मी सही केली आणि घरी गेलो.

दुपारी ताटावर बसलो, पण घास उतरेना. पत्नीने खोदून विचारले तेव्हा सगळे सांगितले. ती म्हणाली, "भावोजी तिकडे कोठडीत आणि तुम्ही इथे जेवताय?" क्वार्टर जाईल, असे मी म्हणालो. त्यावर तिने माझ्यापुढचे ताट उचलले.

तरी माझे सांगणे असे की, त्याने मला धमकावले नाही, हात लावला नाही, हाकही मारली नाही. दडपण माझे मलाच आले होते. तो अनोळखी इसम नाही. मी त्याचा कोणी लागत नाही असे त्याने सांगितले आहे, तेही खोटे आहे. मी आधी खोटे बोललो म्हणून त्याला बोलावे लागले. कंपनीला काय कळवायचे ते कळवावे. आत्ता त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले आहे. मी येताना दिसलो तेव्हा तो पुन्हा सरकला. आधी हे लिहून द्यावे म्हणून मी न थांबता आत आलो.

लिहून घेतलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. दार उघडेच आहे, त्यालाही ऐकू गेले असेल. ते मी सांगितले तसेच आहे, त्यात काही कमीजास्त करायचे नाही. सही करून मी बाहेर त्याच्याशेजारी बसतो आहे.