अण्णांनी तार काढली तेव्हा

मंडळी, बनशंकरीतल्या या सभागृहात आज दाराबाहेरही माणसं उभी आहेत. मला सभेत बोलायची सवय नाही. म्हणून लिहून आणलंय.

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता मी मल्लेश्वरमच्या आमच्या प्रयोगशाळेत शब्दांची चित्रं तपासत होतो. फोन आला. व्यंकोजी अण्णा गेले.

आमचं काम थोडक्यात सांगतो. पडद्यावर शब्द येतो. तो खरा की बनावट, हे कळ दाबून सांगायचं. किती वेळ लागला, त्यावरून मन कसं वाचतं ते समजतं. हा प्रयोग इंटरनेटवर ठेवायचा होता, परगावच्या माणसांसाठी. त्यांच्या संगणकावर मराठी अक्षरं नीट उमटतीलच असं नाही, म्हणून प्रत्येक शब्दाचं चित्र करायचं.

पक्की जागा एकच होती. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, अण्णा आणि तू, दोघांनी आपापला प्रयोग तयार करून दाखवा. मी निपाणीचा, कॉलेज अर्ध्यात सोडलेला. ती जागा मला हवी होती. फार हवी होती.

दाखवायच्या दिवशी दोन्ही प्रयोग चालू असताना अण्णांनी इंटरनेट ज्यावर चालायचं ती टेलिफोनची तार काढली. माझा थांबला. त्यांचा चालूच! त्यांनी चित्रं आधीच उतरवून घेतली होती, आणि वेळही बघणाऱ्याच्याच संगणकात मोजला जात होता. माझ्या प्रयोगात मात्र प्रत्येक उत्तर तारेवरून आमच्याकडे यायचं आणि वेळ तिथे मोजला जायचा.

"दत्तू, आपल्याला माणसाचं डोकं मोजायचंय रे, टेलिफोनची लाईन नव्हे!"

सगळे हसले. बाईसुद्धा. जागा त्यांना मिळाली. मला शब्द तपासायचं काम.

मंडळी, मला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांच्या कामाचा, हसण्याचा, त्यांच्या पत्नी अक्कांनी दिलेल्या डब्यातला अर्धा भात सहज माझ्या ताटात वाढण्याचासुद्धा. ज्याचा हेवा करायचा, तो माणूस निदान वाईट तरी असावा की नाही? आज ही गर्दी बघूनही हेवाच वाटला. माझ्यासाठी कोण येणार इतकं?

एकदा बोलूनच टाकलं, "अण्णा, मला तुमचा हेवा वाटतो."

त्यांचा आजार तेव्हा कळला होता. ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. मग माझ्याहून चांगलं कर. पण स्वल्प, थोडं लवकर कर."

आता त्यांचा अर्धवट प्रयोग बाईंनी मला दिलाय. मी त्यात चूक शोधली, अण्णा. खरंच शोधली. एक तरी सापडावी म्हणून शोधली. नाही सापडली.

बाईंनी विचारलं, प्रयोगाच्या पानावर नाव कोणाचं? मी म्हटलं, अण्णांचं. हा माझा मोठेपणा समजू नका. मला माझं नाव हवंय, पण त्यांच्या कामावर नको. माझ्या कामावर हवंय. ते चांगलं झालं की नाही, हे आता कोणाला विचारू?

अण्णांसाठी उभे राहू या. बोलू नका कोणी. अक्का बसतील तेव्हाच आपण बसू.