धरण फुटलं नाई म्हून

लिहा, लिहा, कागद तुमचा, पेन तुमचा. पण गावाचं नाव घालू नका अन् मले बिचारी म्हणू नका, तेवढं आधीच सांगून ठेवतो. मागं एक पेपरवाला आलता, माह्याच घरी चहा पेला अन् लिहिलं काय, तं चौकीदार बाईच्या हलगर्जीपणानं शहर तहानलं. हलगर्जी म्हणे! त्याच्या मायले... जाऊ द्या. त्या बाजंवर नका बसू, सुंभ तुटला तिचा. इकडं बसा.

मी इथचीच. माहेरबी हे अन् सासरबी हेच. धरण बांधलं तवा दुष्काळी काम होतं, माही माय त्या कामावर माती वाहे अन् मी तिच्या पोटात होती. दोन टेकड्यांच्या मधात आडवी मातीची पाळ घातली, लहानशी, पाहणारा म्हणन हे कायचं धरण. पण खालचं शहर त्याच्यावर पाणी पेते. आमच्या गावाले थेंब नाई, आम्ही आपले हापशीवर. माय सांगे, पाळीच्या पोटात काळी माती घाला लागते, कुटून कुटून, म्हणजे पाणी मधातून वाट काढत नाई. पण काळी माती लंबून आणा लागे अन् पावसाळा आलता डोक्यावर, तं डाव्या टेकडीपाशी शेवटच्या पन्नासेक पावलांत मुकादमानं मुरूमच लोटाले लावला. मायनं सोता टोपल्यानं टाकला. म्हणे आम्ही बाया हसलो, का वो मुकादम, ह्याच्यातून तं पाणी चाळणीवानी येईन. तो म्हणे, तू इंजिनेर हायेस का? घ्या. मायले तेच म्हटलं, मलेबी तेच म्हटलं.

माहा नवरा त्या धरणावर चौकीदार होता. बोलाले कमी, चालाले जास्त. रोज सकाळी पाळीवरून एक फेरी अन् खालून पायथ्यानं एक फेरी. खेकड्यानं बीळ केलं का, साळींदरानं उकरलं का, बाभळीचं पोर उगवलं तं मुळासकट उपटून फेके. मीबी जाओ त्याच्या संगं, गवत कापाले. डाव्या टेकडीपाशी पायथ्याले बारमाही ओल असे, करंगळीएवढी धार. मी विचारलं, हे कायची गळती वो? तं म्हणे मातीचं धरण झिरपतेच, त्याचं भेव नाई. निवळ येऊन राह्यलं तं झोप. गढूळ आलं तं समज पाणी धरणाची माती घेऊन चाललं. मंग झोपू नको. एवढंच शिकवलं त्यानं मले. मंग त्याले साप चावला, आमच्यात पान लागलं म्हणतात, पायथ्याच्याच गवतात, अन् तो गेला. त्याच्या जागी मले घेतलं. बाईमाणूस पाणी सोडाचा व्हॉल फिरवते म्हून लोकं पाहाले येत पहिले पहिले, जसं काही अस्वल नाचून राह्यलं.

आता ऐका. पाळीच्या खालतं नाल्याच्या काठानं वस्ती हाये, वीस-बावीस घरं. माही लहान बहीण कांता तिथीच देली. तिचा नवरा, आमचा जवाई, कष्टाळू, नाल्याकाठी वावर, सोयाबीन-तूर. त्या साली दसऱ्याच्या आधी सोयाबीन कापून झालं, गंज्या लागल्या अन् परतीचा पाऊस आला. तीन दिवस हालला नाई. तलाव गच्च भरला, सांडवा चालू झाला. चौथ्या दिवशी उघाड पडली. सकाळी मी पायथ्यानं चालली तं डाव्या टेकडीपाशी पाय थांबले. करंगळीची धार मनगटाएवढी झालती, अन् रंग पाहान तं चहावानी. पाणी खालून उकळ्या मारून राह्यलं अन् भोवताल रेतीचं कडं. मी हात घातला, तं मूठभर मुरूम हातात. काय सांगू तुम्हाले, मायचा मुरूम होता तो. काडी रोवली कड्याजवळ, बिडी पेओस्तोवर, हाव, पेतो मी बिडी, लिहा, तेवढ्यात कडं काडीच्या पार गेलं.

धरणाच्या सायबाले फोन लावला. साहेब, पाणी गढूळ येऊन राह्यलं. म्हणे बाई, पाऊस पडला तं पाणी गढूळच येईन. मी म्हटलं तसं नाई जी, पाळीच्या पोटातून येऊन राह्यलं, नाल्याकडचा व्हॉल खोला लागते, तलाव उतरवा लागते. म्हणे आज सुट्टी हाये, उद्या माणूस पाठवतो, व्हॉलले हात लावू नको, ते शहराचं पिण्याचं पाणी हाये. मी म्हटलं उद्यालोक पाळ राहीन का? म्हणे तू इंजिनेर हायेस का? अन् ठेवला.

मंग मी पळत वस्तीत गेली. कांताले म्हटलं लेकरं घे, म्हतारी घे, टेकडीवरच्या शाळेत जा. जवाई हसले. म्हणे ताई, चार दिवसानं ऊन पडलं, मळणीची मशीन आज येऊन राह्यली, अन् तुम्ही म्हणता घर सोडा. कांता म्हणे, भाऊजी गेल्यापासून तुले भास होतात. हे माही सख्खी बहीण, जिची वेणी मी घातली. मी म्हटलं मी व्हॉल खोलून राह्यली, नाल्याले पाणी येईन, गंज्या तरी उचला. कोणी उचलल्या नाई.

तो नाल्याकडचा व्हॉल कैक सालात कोणी खोलला नव्हता, गंजून बसलता. लोखंडी चावी असते त्याले, कमरेएवढी, वरून आडवा दांडा. मी दांड्याले लांब लोखंडी सब्बल बांधली अन् लटकली. तळहाताची सालटं निघाली. दुपारून एकदम करकरला अन् पाणी सुटलं, असं सुटलं का खालच्या गोट्यांचा आवाज इथलोक आला. नाला भरला. गंज्या गेल्या. कांताची गेली, सात-आठ घरच्यांची गेली, वर्षाचं पीक होतं ते, मी नाई कायले म्हणू? डोळ्यानं पाह्यल्या मी, पिवळ्या गंज्या फिरत फिरत चालल्या.

लोकं वर आले काठ्या घेऊन. व्हॉल बंद कर म्हणत. कांता सगळ्यात पुढं. तिनं माहे केस धरले अन् आपटलं मले, हे पाहा, इथी दात नाई. मी चावीले मिठी मारून बसलती. चार माणसांनी ओढली तवा मी उठली अन् चावी फेकली तलावात. चौकशीत मी सांगतलं का हातून निसटली. निसटली नाई. मी फेकली, दोन्ही हातानं, लंबी. आता कामावरच नाई तं कोणाचं भेव? लिहा, फेकली म्हून लिहा.

दिग्रसले दुसरी चावी घडवून आणाले सहावा दिवस उजाडला. तोवर तलाव अर्ध्याच्या खाली गेला. अन् माह्या डाव्या टेकडीची धार पहिले बारीक झाली, मंग निवळ झाली. मी एकटीच होती पाहाले. कोणाले दाखवू?

त्याच्यानंतर पाऊस आलाच नाई. होळीपासून शहरात टँकर. बाया हंडे घेऊन भांडत अन् माह्या नावानं बोटं मोडत. मी बाजाराले गेली तं भाजीवाली म्हणे तुले नाई देत, पाण्यानं धुवून ठेवली हाये. वस्तीतले वेगळे, शहरातले वेगळे, दोन्हीकडून. चौकशीत तीन साहेब बसले टेबलाच्या तिकडं. पुरावा काय, धरण फुटणार होतं ह्याचा? मी म्हटलं फुटलं असतं तं पुरावा झाला असता, वस्ती राह्यली नसती. म्हणे तोंड सांभाळून बोल. मुरूम टाकला हे कोण म्हणे? मी म्हटलं माही माय. तं एक जण हसला. कामावरून काढलं मले.

अन् मंग सांगतो ते लिहाच. उन्हाळ्यात तलाव तळाले गेला तवा मशीन आली. कुठी खोदलं? डाव्या टेकडीपाशी! मी समोरच्या टेकडीवर बसून पाह्यलं, आठ दिवस. मशीनवाला पाणी पेवाले आलता, म्हणे बाई, आतून असं भगदाड हाये का बकरी जाईन. काळी माती आणली, थरानं कुटली, रेती घातली, गोटे लावले, जसं माह्या मायच्या टायमाले कराले पाहिजे होतं. बोर्ड लावला, नियमित दुरुस्ती. नियमित! मी साहेबापाशी गेली, म्हटलं आता तं लिहून द्या का बाई खरी होती. मले पाहूनच म्हणे, तुम्ही कर्मचारी नाई, इथी उभं राहाची परवानगी नाई.

तं असं हाये. धरण फुटलं नाई म्हून मी खोटी. कांता आजलोक बोलत नाई, तिच्या पोराच्या लग्नात अख्ख्या गावाले पत्रिका, मले नाई. वस्तीतले लोक मी दिसली का थुंकतात. पण एक सांगतो, तुम्ही पावसाळ्यात या अन् तुमच्या डोळ्यानं पाहा. दोन दिवस झडी लागली ना, का दिवस बुडाच्या आत समदी वस्ती गोधड्या, लेकरं, म्हताऱ्या घेऊन टेकडीवरच्या शाळेत. कोणी सांगत नाई, दवंडी नाई, काही नाई. कांता पुढं, डोक्यावर गाठोडं, माह्या दारावरूनच वाट हाये, तं मान तिकडं करून जाते. मी उंबऱ्यात उभी राहातो. हाक नाई मारत, कायले मारू? मोजतो फक्त. कांता, जवाई, सुना, लेकरं. समदे वर गेले का दार लावून घेतो. जा म्हणतो, शिव्या द्या, पण जा.