जुन्या डोळ्याचा गहू

(सांगलीजवळच्या एका गावात, जैन घरात, सकाळी स्वयंपाकघरात. सासू सुरेखा, सून प्रीती. सुरेखाच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झालाय.)

सुरेखा : न्हाई म्हंजे न्हाई. उद्या मुनिमहाराजांना आहार तू दे. मी दारात उभी ऱ्हानार न्हाई.

प्रीती : आई, अहो असं काय? महाराज आपल्या दारात थांबले की तुमचे पाय जमिनीवर नसतात.

सुरेखा : ह्या डब्यातला गहू कुनी निवडला?

प्रीती : तुम्हीच. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी.

सुरेखा : आता बघ. नवा डोळा झाकला की कसा सोन्यावानी दिसतोय. जुना झाकला की दाण्यादाण्याला भोक. त्यो बघ, एक किडा चालतोय बी.

प्रीती : असू दे. अलगद काढून परसात सोडते त्याला.

सुरेखा : ह्यो एक सुटंल. आन् ह्याच्या आधीचं? किती वरसं मी अशीच निवडतीया. वर हात जोडून महाराजांना सांगती, आहार शुद्ध हाय. कसला शुद्ध? लय जीव गेलं माझ्या हातनं.

प्रीती : तुम्हाला दिसत नव्हतं, आई.

सुरेखा : तसं न्हवं गं. अंधुक वाटलं असतं तर सूप तुझ्या हातात दिलं असतं. मला एक दिवस बी अंधुक वाटलं न्हाई. समद्यांना असंच दिसतंय, असं वाटायचं.

प्रीती : डॉक्टर तेच म्हणाले की. डोळा रोज जरासा गढुळतो आणि मेंदू त्यालाच सरावतो. म्हणून तर आता सगळं टोचतंय तुम्हाला. परवा मामंजींच्या शर्टावरून किती बोललात.

सुरेखा : मळकाच हाय त्यो.

प्रीती : मळका आहेच. तुम्हाला आत्ता दिसला एवढंच.

सुरेखा : हसू नगंस. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन काय मी करून घेत न्हाई. एकानं दाखवलं तेवढं बास झालं.

प्रीती : एक सांगू? रागावू नका.

सुरेखा : बोल.

प्रीती : तुम्ही दुपारी आडव्या झालात की मी तो गहू परत निवडायची. किडकं बाजूला, जिवंत असेल ते परसात सावलीला. मगच दळायला.

सुरेखा : कवापासनं?

प्रीती : आपली साक्षी बालवाडीत जायला लागली तेव्हापासून.

सुरेखा : आता नववीत गेली की गं ती. आन् समदा गहू?

प्रीती : सगळा. हा डबा तेवढा राहिला. या खेपेला मी तुमच्याबरोबर दवाखान्यात होते ना.

सुरेखा : मला एका शब्दानं बोलली न्हाईस.

प्रीती : सूप हातात आलं की तुम्ही स्तवन म्हणायला लागता. ते ऐकत भाकरी थापायची सवय झाली मला. सूप काढून घ्यायला मन झालं नाही.

सुरेखा : म्हंजे मी महाराजांना खोटं न्हाई बोलले.

प्रीती : कधीच नाही.

सुरेखा : अशी खिडकीत ये जरा. तोंड वर कर. डोळ्याखाली केवढं काळं पडलंय तुझ्या. केसं बी पिकली की गं.

प्रीती : झाली चार-पाच वर्षं.

सुरेखा : उद्या दारात दोघी उभ्या ऱ्हाऊ. आहार शुद्ध हाय म्हनायचं, ते तू म्हन.

प्रीती : आणि दुसरा डोळा?

सुरेखा : करू की. तुला अजून नीट बघायचं ऱ्हायलंय.